‘कलेक्टरला दिलं तर मजा काय?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, आमच्या खजिनाशोधाच्या मुलांच्या पुस्तकावरचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. दोन स्टार दिलेत आणि तीन तक्रारी आहेत, भरतीची वेळ चुकलीये, मोडी लिपीचं कोडं ओढूनताणून आणलंय, आणि शेवटी बहीणभाऊ आजोबांच्या वाड्यात सापडलेली खजिन्याची पेटी कलेक्टरकडे देतात म्हणून तुमचा मुलगा हिरमुसला. प्रकाशक मी आहे त्यामुळे उत्तर मीच देतो, लेखिकेला मध्ये आणत नाही.

भरतीचं तुमचं शंभर टक्के बरोबर. सातव्या प्रकरणात पोरं पौर्णिमेला भरदुपारी अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जातात आणि त्या वेळेला तिथे पूर्ण भरती असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हा आमच्या कोकणातला साधा हिशोब, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, थोडं पुढेमागे धरा, म्हणजे ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला. हस्तलिखितात ‘भल्या पहाटे’च होतं, चित्रात ऊन हवं म्हणून मी बदलायला लावलं, सो ही चूक पूर्ण माझी. आणि छोटी चूक नाहीये ही, पुस्तक वाचून एखादं पोर खरंच दुपारी पाण्यात उतरलं तर काय, या विचाराने मला नीट झोप लागली नाही. शिल्लक सगळ्या प्रतींमध्ये आजपासून दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवतोय, पुढच्या आवृत्तीत तिथी आणि भरतीचा तक्ताही देणार.

मोडीचं मात्र ओढूनताणून नाही हो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं लिहीत नाहीत, शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत, त्यामुळे भाऊ ‘सुत’ म्हणजे मुलगा असं वाचतो आणि बहिणीच्या लक्षात येतं की हे गवंड्याचं ‘सूत’ आहे, ते धरून आजोबांच्या वाड्याच्या जोत्यापर्यंत जायचंय. जुनी कागदपत्रं वाचणारे रोज असेच अडखळतात. पुस्तकाच्या मागची अक्षरं बारीक छापली गेलीत, ती मोठी करू.

आता शेवट. तुम्ही लिहिलंय, स्वतःच्या आजोबांच्या वाड्यात सापडलं तर सरकारला का द्यायचं? ताई, 1878 चा निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा अजून लागू आहे, पुरलेलं काहीही दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावंच लागतं, लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं म्हणजे गेलं असं नाही, हक्क सांगता येतो, आणि मालक कोणीच निघाला नाही तर ज्याला सापडलं त्याला तीन हिस्से, जागामालकाला एक असं कायद्यातच आहे, सरकारला ठेवून घ्यायचं असेल तर किंमत मोजावी लागते. हे मुलांच्या पुस्तकात हवंच असं मला मनापासून वाटतं, कारण मी वीस वर्षं गडांवर फिरतोय आणि गुप्तधनाच्या नादात खणलेले खड्डे, उलथवलेला नंदी, फोडलेलं जोतं हे सगळं स्वतः बघितलंय. गुप्तधनापायी अघोरी प्रकार होतात म्हणून 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचा वेगळा उल्लेख करावा लागला. खजिना घेऊन पळून जाणारी पोरं मी छापणार नाही, त्यासाठी दोन स्टार मिळाले तरी चालेल.

पण एक मान्य, पेटीत काय निघालं ते आम्ही दोन ओळीत उरकलंय. एवढी दीडशे पानं पोराने त्यासाठीच वाचली, त्याचं हिरमुसणं रास्त आहे. लेखिकेशी सकाळीच बोललो, पंचनाम्याचं अख्खं प्रकरण येतंय, पंचांसमोर एकेक वस्तू बाहेर निघते असं. तयार झालं की तेवढी पानं तुमच्या पत्त्यावर पाठवतो, ऑर्डर नंबर तेवढा मेसेज करा. तोवर त्याला विचारा, पेटीत काय असावं असं त्याला वाटलं होतं, मला खरंच ऐकायचंय.