कंटिन्युएशन

पासबुकाचं शेवटचं पान भरलं, एवढाच माझा गुन्हा. गिरगावातल्या बँकेच्या खिडकीतल्या बाईंनी ते परत सरकवलं. "कंटिन्युएशन लागेल. कोरी बुकं संपलीत. सोमवारी बघा."

"सोमवारी येतील?"

"बघा म्हटलं ना."

"कंटिन्युएशन म्हणे!" मी पुटपुटलो, आणि ते मागच्या काकांनी ऐकलं. पांढरा सफारी, खिशात पेनांची रांग. जन्मभर दलाल स्ट्रीटवर एका ब्रोकरकडे नोकरी केलेली, आणि ऐकणारा बहुधा बऱ्याच दिवसांनी गावला होता.

"मूळ लॅटिन. कॉन म्हणजे एकत्र, तेनेरे म्हणजे धरणं. टेनंटसुद्धा त्या तेनेरेतलाच. आमच्या चाळीत बघा, 1947 चा भाडेकायदा आल्यापासून लोक तीन पिढ्या खोली धरून बसलेत. निर्लज्ज!"

"आणि तुम्ही?"

"मीही टेनंटच. पण माझी गोष्ट वेगळी."

ती वेगळी कशी, हे राहिलंच, कारण काका विलायतेला पोचले होते. "व्हिक्टोरियन काळात विजारीचं नाव घ्यायची लाज. म्हणून तिला म्हणत कंटिन्युएशन्स! वेस्टकोट खाली चालूच राहिला, असं समजायचं." हे स्वतःच्या पँटीला चिमटीत धरून, खणखणीत आवाजात. बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. रागानं बघितलं माझ्याकडे.

"लंडनच्या शेअरबाजारात सौद्याचे पैसे आज द्यायचे नसले की व्याज भरून तो पुढच्या हिशेबात ढकलत. तेही कंटिन्युएशन. आपल्या शेअरबाजारातला ‘बदला’ तो हाच! बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं 1993 मध्ये बंद केला, पुन्हा सुरू झाला, 2001 मध्ये गेला तो गेलाच."

बदल्यात निदान ढकलणारा व्याज तरी द्यायचा. माझ्या सोमवारचं व्याज कोण देणार? हाफ डे टाकून आलोय. बॅलन्स जरा खाली गेला की दंड कसा बिनबोभाट कापला जातो, त्याला कोरं बुक लागत नाही. वर वॉचमन सांगतो, "अ‍ॅपवर बघा ना." अरे बाबा, मुलीच्या शाळेला छापील पानच हवंय, शिक्क्यासकट!

तेवढ्यात बाईंनी खण उघडला आणि एक कोरंकरकरीत पासबुक काढलं. "काका, तुमचं बाजूला ठेवलंय."

"अहो, मग मला संपली म्हणालात ते?"

"ते रोज येतात," बाई म्हणाल्या.

काकांनी बुक खिशात घातलं आणि माझा दंड धरून ‘कंटिनेंट’ या शब्दाकडे वळले.