खुलासा: ‘कोकुफू’ आणि ‘साकुफू’ ही दोन वेगळी प्रदर्शने

बोन्सायप्रेमींमध्ये एक माहिती फिरते: ‘1934 साली तोक्योत व्यावसायिक बोन्सायकारांची स्पर्धा सुरू झाली, तीच कोकुफू-तेन (तेन म्हणजे प्रदर्शन).’ साल आणि शहर बरोबर, बाकी गफलत.

मार्च 1934 मध्ये तोक्योतल्या उएनो भागातील कलासंग्रहालयात सुरू झालेले कोकुफू-तेन झाडांच्या मालकांचे. झाड महिनोन्‌महिने राबून तयार करतो व्यावसायिक, पण नाव लागते मालकाचे. सुरुवातीला ते वर्षातून दोनदा भरे. म्हणून वर्षे मोजून आवृत्तीचा क्रमांक काढला की हिशेब चुकतो.

व्यावसायिकांचे ते साकुफू-तेन. ते 1970च्या दशकातले, व्यावसायिकांच्या सहकारी संघाने सुरू केलेले. इथे श्रेय घडवणाऱ्याला, आणि सर्वोच्च मान पंतप्रधान पुरस्काराचा. बोन्सायकार कुनिओ कोबायाशी यांनी तो चार वेळा मिळवला, तो इथेच. ‘कोकुफूचा पंतप्रधान पुरस्कार’ असे छापणाऱ्यांनी एवढे तरी तपासावे.

तयारी मात्र दोन्हीकडे सारखीच किचकट. जुनिपर या सदाहरित झाडाच्या वाळक्या लाकडाला लाइम-सल्फर (लाकूड पांढरे करून टिकवणारे चुना-गंधकाचे द्रावण) आदल्या दिवशी फासले, तर भडक रंग आणि सडक्या अंड्यांचा वास मांडणीभर राहतो. म्हणून ते काही आठवडे आधी, लाकूड ओलसर करून, सालीला न लावता द्यायचे. कुंडीतल्या मातीवरचे शेवाळही वेळेआधी बसवायचे. ऐनवेळी चिकटवलेल्याच्या कडा सुकून उचलतात.