आमच्या पोरीनं काय शिकायचं हे तो फॉरवर्ड नाही ठरवणार

परवा रात्री साडेदहाला दादाचा फोन. एवढ्या रात्री गावावरून फोन आला की छातीत धस्सच होते. पण बातमी वेगळीच निघाली. म्हणे, "काहून रे, तुले तो मेसेज भेटला का? पोरीले सांग, तो विषय नको घेऊ म्हणा. पैसे बुडतीन."

पोरगी म्हणजे माझी पुतणी. एमबीएला आहे, पहिलं वर्ष झालं, आता पुढच्या सेमिस्टरसाठी ऐच्छिक विषय निवडायचा आहे आणि तिला सस्टेनेबल बिझनेस घ्यायचाय, म्हणजे माणसाचं आणि निसर्गाचं नुकसान न करता धंदा कसा टिकवायचा तो विषय. मेसेज तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आलाच असेल. थोडक्यात असा: एमबीएत सस्टेनेबल बिझनेस शिकवणारे प्रोफेसर पोरांची फसवणूक करतात. एक, हे परदेशातून आणलेलं फॅड आहे. दोन, यात नोकरी नाही. तीन, झाडं लावा आणि दानधर्म करा, याच्यापलीकडे त्यात काही नाही. चार, शिकवणाऱ्यांनी आयुष्यात साधं किराणा दुकान चालवलं नाही. पाच, हे श्रीमंत घरच्या पोरांचे चोचले आहेत, शेतकऱ्याच्या पोरांनी नादी लागू नये, सरळ फायनान्स नाहीतर मार्केटिंग घ्यावं. खाली 'प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा', आणि लिहिणाऱ्याचं नाव कुठंच नाही.

मी पाचव्यापासूनच सुरू करतो, कारण दादाच्या डोक्यात तोच जाऊन बसलाय आणि मला सगळ्यात जास्त चीडही त्याचीच आली.

मी एका जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्यात, हिशेब सांभाळतो, बावीस वर्षं झाली, शिवाय भावाभावांत मिळून थोडी कोरडवाहू जमीन आहे, त्यात कपाशी आणि तूर. गेल्या हंगामात एमबीएची वीस-पंचवीस पोट्टे-पोट्टी आमच्या जिनिंगवर आली होती, सोबत हाच विषय शिकवणाऱ्या एक मॅडम. मला वाटलं फोटो काढतील, चहा घेतील आणि जातील. मॅडम ऑफिसात टेकल्यासुद्धा नाहीत, थेट यार्डात कापसाच्या ढिगापाशी गेल्या, हात कोपरापर्यंत आत घातला, जरा चाचपलं आणि एक पिवळं प्लास्टिकचं सूत बाहेर ओढलं, बोटभर लांब. खताच्या पोत्याचं. ते हातात धरून पोरांना विचारलं, याची किंमत किती?

पोरं गप्प. मग त्या सुताचा सगळा प्रवास त्यांनी पोरांकडूनच वदवून घेतला, अडलं तिथं आमच्या फिटरला विचारायला लावलं. वेचणारी बाई कापूस खताच्या रिकाम्या पोत्यात भरते कारण घरात तेच पडलेलं असते, पोत्याचा धागा सुटून कापसात जातो, रेच्यात, म्हणजे सरकी वेगळी करायच्या यंत्रात, त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, ते रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, मिसळतात, १७० किलोची गाठ बांधून गिरणीत जाते, सूत होते, कापड होते, आणि रंगाईच्या वेळेस कापसाला रंग चढतो पण प्लास्टिकला चढत नाही, म्हणजे अख्ख्या ताग्यावर पांढरे ठिपके. गिरणी जिनिंगवाल्याचे पैसे कापते. जिनिंगवाला पुढच्या खेपेला शेतकऱ्याच्या भावात हात घालतो. मग मॅडमचा दुसरा प्रश्न, आता सांगा, वेचणीला कापडी बोरे दिले असते तर तो खर्च कोणी करायचा होता, आणि तो कोणीच केला नाही म्हणून शेवटी कोणाच्या खिशातून किती गेले? हे कागदावर मांडून आणा, म्हणाल्या. पोरं तिथंच कापसाच्या गाड्यांच्या सावलीत बसून आकडेमोड करायला लागली, आमचे शेठही उभे राहून ऐकत होते.

त्या रात्री मी घरी आलो आणि हंगामभरात गिरण्यांनी कापलेल्या रकमा एका पानावर मांडल्या. बावीस वर्षांत हे मी कधी केलं नव्हतं. प्रत्येक वेळेस 'कटौती' म्हणून एक ओळ लिहायची आणि पुढं जायचं, हीच सवय. बेरीज बघून झोप नाही आली राव.

आता सांगा, हे श्रीमंतांचे चोचले आहेत का? त्या सुताचा शेवटचा मार कोणाला बसतो, नागपूरच्या बंगलेवाल्याला की माझ्या दादाला?

आणि चोचले हा शब्द तर यवतमाळकडच्या माणसासमोर उच्चारूच नये. २०१७ चा पावसाळा आठवा. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, बोंडअळीची धास्ती, आणि मोनोक्रोटोफॉससारखी जहाल औषधं एकात एक मिसळून फवारणी चाललेली. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसपेक्षा जास्त माणसं विषबाधेनं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली, सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. दादाची सासुरवाडी तिकडंच आहे. तिथला एक सालदार आठ दिवस डोळ्याला दिसत नाही म्हणून खाटेवर पडून होता. मी भेटायला गेलो तेव्हा औषधाची बाटली तिथं कोनाड्यातच होती, सूचनांचं अक्षर मुंगीएवढं, ते धडधाकट डोळ्यांनाही वाचता येईना. पायात चप्पल नाही, हातमोजे नाहीत, तोंडाला उपरणं. बाटली विकली की कंपनीची जबाबदारी संपली, की शेतात फवारणाऱ्या माणसापर्यंत ती जाते? पुतणीच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न धंद्याचा प्रश्न म्हणून आहे, दयामायेचा म्हणून नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की उद्या अशा कंपनीत मॅनेजर म्हणून बसणारा कोणीतरी त्या खाटेजवळचा असला पाहिजे. आणि हा मेसेज नेमकं त्यालाच सांगतोय की तू यात पडू नको.

आता नोकरीचा मुद्दा. दादाला खरी भीती याचीच आहे आणि ती मी समजू शकतो, फीसाठी त्यानं सोसायटीचं कर्ज काढलंय. पण मेसेज लिहिणाऱ्यानं सेबीचं नाव तरी ऐकलंय का? शेअर बाजारावर नजर ठेवणारी सेबी. तिनं मे २०२१ मध्ये आदेश काढला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानं पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना दरवर्षी बीआरएसआर नावाचा अहवाल देणं बंधनकारक झालं. म्हणजे धंदा किती जबाबदारीनं केला त्याचा हिशेब. पाणी किती उपसलं, धूर किती सोडला, कामगाराला इजा किती झाल्या, लहान उत्पादकांकडून माल किती टक्के घेतला, इतकंच काय, लहान गावांत काम करणाऱ्यांना पगारापोटी किती टक्के दिले, हेसुद्धा त्यात भरावं लागते. आणि नुसतं भरून चालत नाही, २०२३ मध्ये सेबीनं त्यातल्या मुख्य आकड्यांची बाहेरच्याकडून खातरजमा सक्तीची केली, आधी पहिल्या १५० कंपन्यांपासून, मग टप्प्याटप्प्यानं वाढवत. हे आकडे गोळा कोण करणार? कारखान्यात, जिनिंगमध्ये, शेतात जाऊन खरं काय ते कोण बघणार? त्यासाठी माणूस लागतो, आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, ओळखणारा माणूस असला तर आणखी बरं. मी हिशेबातला माणूस आहे, मला एवढं कळते की जिथं सक्तीचा हिशेब आला तिथं हिशेब ठेवणाऱ्याची नोकरी येते.

शिवाय युरोपात लोखंड-पोलाद पाठवायचं तर १ जानेवारी २०२६ पासून त्याच्या कार्बनचा खर्चही तिथल्या आयातदारावर बसतो, म्हणून इथल्या निर्यातदाराला टनामागे धूर किती निघाला ते मोजून द्यावं लागते. मेसेजमध्ये 'सरळ फायनान्स घ्या' म्हटलंय ना, तर हे फायनान्सच आहे.

झाडं लावणं आणि दानधर्म, यावर जास्त लिहीत नाही. तो सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा समाजकार्याचा खर्च, कंपनी कायदा २०१३, कलम १३५, ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. ती नफा कमावून झाल्यावरची गोष्ट झाली. हा विषय नफा कमावताना काय केलं त्याचा आहे. दोन्हीची खिचडी करून मेसेज लिहिलाय.

परदेशी फॅड म्हणणाऱ्यांनी मात्र जरा आपल्याच भागाचा इतिहास वाचावा. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, तिथं कामगारांसाठी १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई चालू झाली, कायद्याची सक्ती नसताना. आणि वर्ध्याला मगनवाडीत कुमारप्पा होते की! जे. सी. कुमारप्पा. माणूस लंडनला हिशेब तपासनीस झालेला, अमेरिकेत बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची डिग्री घेतलेला, नंतर गुजरात विद्यापीठात प्रोफेसर. सगळं सोडून १९३४ नंतर वर्ध्यात ग्रामोद्योग संघाचं काम बघत बसला, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या उद्योगांची पाहणी त्याच्याच अध्यक्षतेखाली झाली, आणि १९४५ ला तुरुंगात बसून टिकाऊ अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. शाश्वत विकासाची जी व्याख्या आज सगळीकडे सांगतात ती संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं १९८७ मध्ये केली, कुमारप्पांच्या चाळीसेक वर्षांनी. बिझनेसची डिग्री घेतलेल्या माणसानं शाश्वत धंद्यावर बोलणं हे आमच्या वर्ध्यातून सुरू झालं म्हटलं तरी चालेल.

आता चौथा मुद्दा. प्रोफेसरांनी धंदा केलेला नाही, पीपीटी वाचून दाखवतात. हे काही ठिकाणी खरं आहे, मान्य करायला जड जाते पण आहे. पुतणीनं पहिल्या सेमिस्टरची वही दाखवली होती, एका सरांनी तीन गोल काढून दिले, माणूस, पृथ्वी, नफा, आणि सगळी उदाहरणं परदेशातल्या बूट आणि आइस्क्रीमच्या कंपन्यांची. त्या तीन गोलांमागची कल्पना १९९४ मध्ये मांडणाऱ्या जॉन एल्किंग्टननं स्वतःच २०१८ मध्ये लिहिलं की ती नीट वापरली गेली नाही, तिचा फेरविचार करायला पाहिजे. ते त्या सरांनी वर्गात सांगितलं नाही. आणि प्रमाणपत्रांचा बाजारही आहेच, २०२० मध्ये गॉट्स या सेंद्रिय कापडाच्या प्रमाणपत्रवाल्या संस्थेनं स्वतः जाहीर केलं की भारतातला सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला. मग काय, विषय बंद करायचा? ती चोरी पकडायला गाठीचा माग गावापर्यंत काढता येणारी माणसंच लागतात ना. मास्तर कच्चा आहे म्हणून कोणी गणित सोडून देत नाही, चांगला मास्तर शोधते.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं, अर्धा तास. तो मधे मधे "हं" म्हणत होता. शेवटी म्हणे, "ते सुताचं पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग विचारलं, "मंग कापडी बोरा कितीले भेटते?"

फॉर्म भरायची शेवटची तारीख शनिवार आहे. पोरीनं विषय लिहून ठेवलाय, सही तेवढी बापाची राहिली आहे. दादा शुक्रवारी मुक्कामी येतोय, येताना वेचणीची जुनी पोती दोन-चार सोबत आण म्हटलंय.