लवणाऱ्या खांबांचा शेजार

धुळ्यात रस्त्यावर नवी वस्तू उगवली की लोक तिच्याबद्दल मत देण्याआधी तिला हात लावून बघतात. देवपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुभाजकाला एक कट होता. तो बंद करायला एका रात्रीत नारंगी खांबांची रांग उभी राहिली. सकाळी फिरायला निघालेल्या आजोबांनी खांबांना काठीनं टोचलं. शाळेच्या पोरांनी लाथ घालून पाहिली. दूधवाल्यानं गाडीवरून न उतरता पुढचं चाक टेकवलं, खांब निमूट आडवा झाला, गाडी वरून गेली आणि खांब सट्कन उभा. दूधवाल्यानं वळून पाहिलं. मग गाडी फिरवली आणि खात्री करून घ्यायला पुन्हा एकदा गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या देवपुराला कळलं की हे पडतात आणि उठतात. रात्रीपासून कट पहिल्यासारखा सुरू झाला.

सुरू झाला तो माझ्याखेरीज इतरांसाठी. समोर ताठ उभ्या असलेल्या वस्तूच्या अंगावर गाडी घालायची, हे माझ्या हातांना जमत नाही. ब्रेक आपोआप लागतो. त्यामुळे रस्त्यापलीकडच्या दुकानातून कोथिंबिरीची जुडी आणायची तरी मी पुढच्या चौकापर्यंत जातो, तिथून वळतो आणि तितकंच अंतर मागे येतो. आमची सौ. मूळची अमळनेरची. तिला हे पटत नाही.

"अहो, तुम्ही खांबाला घाबरतात?"

"घाबरत नाही. नियम पाळतो."

"मग नियमाला सांगा, कोथिंबीर सुकली."

गल्लीत या खांबांना 'स्प्रिंगवाले' म्हणतात, पण आमच्याकडचे आत स्प्रिंगबिंग काही नसलेले आहेत. सगळी करामत अंगाच्या रबरी प्लास्टिकची. चांगला खांब पॉलियुरेथेनचा असतो. हे रसायन १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी शोधलं. तेव्हा त्यांच्या डोक्यात गाद्या, चपलांचे तळवे किंवा देवपूर यांपैकी काहीच नसावं. खांबाची उंची साधारण पाऊण मीटर, अंगावर पांढरे चमकते पट्टे, खाली गोल बैठक आणि बैठकीतून डांबरात ठोकलेले बोल्ट. रस्त्याकडेच्या अशा खुणांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसची वेगळी संहितासुद्धा आहे, आयआरसी ७९. म्हणजे दिल्लीत कुणीतरी चहा घेत घेत या विषयावर गंभीरपणे बसलेलं आहे.

यामागचा विचार फार सज्जन आहे. पूर्वी अशा जागी सिमेंटचे ठोकळे किंवा लोखंडी खांब असत. त्यावर आदळलेला माणूस चुकलेला असायचाच, वर मोडलेलाही असायचा. चुकीची शिक्षा एवढी मोठी नको, म्हणून लवणारा खांब आला. त्यानं नजरेला थांबवायचं, धडकेला नाही. त्यातूनही एखाद्याची गाडी चुकून गेलीच, तर खांब वाकेल, माणूस वाचेल आणि खांब पुन्हा नजरेसमोर उभा राहील. या सगळ्या हिशेबात 'चुकून' हा शब्द मधोमध बसलेला आहे. आमच्याकडे तेवढाच कुणी वाचला नाही.

दाब वाढला की वाट द्यायची आणि ओसरला की जागेवर यायचं, ही कल्पना तशी आमच्या जिल्ह्याला परकी वाटू नये. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीला इकडे खानदेशात होते. साक्री तालुक्यात दातर्तीजवळ पांझरेच्या प्रवाहाखालून पाणी नेणारी नळवाट त्यांनी बांधली. पुढे त्यांनी धरणासाठी स्वयंचलित दरवाजे काढले आणि १९०३ मध्ये ते खडकवासल्याला बसले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दरवाजे आपोआप उघडत आणि उतरलं की मिटत. पण पुराचं पाणी 'बघू, परत मिटतो का' म्हणत मेव्हण्याला घेऊन उलटं येत नाही.

खांबांना हळूहळू इतर कामंही लागली. एकाला वाढदिवसाचा फलक बांधला गेला. वरातीत डीजेसमोर नाचणाऱ्यांनी दुसऱ्याला जोडीदार करून घेतलं आणि खरं सांगायचं तर त्या घोळक्यात ठेक्यावर फक्त तोच डोलत होता. पलीकडच्या बाईंनी एका दुपारी तिसऱ्याला शेळी बांधली. शेळी पाल्याकडे ओढे, खांब तिच्यामागे वाकत जाई, आता पाला तोंडात येणार एवढ्यात तिचा जोर संपे आणि खांब तिला दोन पावलं मागे आणून उभी करी. शेळीनं हे बराच वेळ सहन केलं. मग तिनं दोरी सैल सोडली, सरळ वळली आणि खांबालाच चावली. वाहतुकीच्या या प्रश्नाचा एवढा मुळाशी जाऊन विचार आमच्या वॉर्डात दुसऱ्या कुणी केला नसेल.

माझा खरा छळ मात्र मागून येतो. कटापाशी कधी गर्दीत अडकून मी खांबासमोर थांबलो की मागे हॉर्नची रांग लागते. आमच्या स्टँडवरचा एक रिक्षावाला तर मला शिकवायलाच निघाला होता.

"आप्पा, चढवा ना! त्याले काही व्हत नही. तो परत उठस."

"अरे, पण तो बंद केलेला रस्ता आहे."

"बंद कथा शे? मी आतेच तठून उनू!"

आताच तिथून आलेल्या माणसाला तो रस्ता बंद आहे हे पटवायचं कसं? मी बाजूला सरकून त्याला वाट दिली. तो गेला. खांब वाकला, रिक्षाच्या पोटाखालून खरखरत गेला, मागच्या बाजूनं सुटला, उभा राहिला आणि उभा राहून थांबला नाही. आलेल्या जोरात तो माझ्या बाजूला झुकला आणि मांडीवर असा सणसणीत बसला की डोळ्यापुढे पॉलियुरेथेनचे तारे चमकले. कायदा मोडणारा तोवर पलीकडे पानटपरीवर उतरलासुद्धा होता. कायदा पाळणाऱ्याला कायद्यानं हाणलं होतं. घरी सौ.नं एरंडाचं पान गरम करून बांधलं आणि विचारलं, "कोणी मारलं म्हणून सांगू शेजारी?"

कापसाच्या दिवसांत तर या खांबांची परीक्षाच असते. सोनगीरकडून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येतात, त्यात कापूस इतका दाबून भरलेला की ट्रॉली दिसत नाही, चारी बाजूंनी फुगलेला पांढरा ढीगच चालत येतो. अशी एक ट्रॉली कटातून वळली. एका टोकापासून सगळे खांब ओळीनं झोपले. ट्रॉली गेल्यावर एकेक उठायला लागला, कुणी लगेच, कुणी लग्नात जेवून आडवा झालेला मामा उठतो तसा, आधी कोपरावर आणि मग सावकाश. सगळे उभे राहिले तेव्हा प्रत्येकाच्या डोक्याला कापूस चिकटलेला होता. थोडा वेळ आमचा चौक ज्येष्ठ नागरिक संघ वाटत होता.

आता या खांबाचं रात्रीचं काम पाहा. ते पट्टे स्वतः उजेड देत नाहीत. आपल्या गाडीचा दिवा त्यांच्यावर पडला की तोच उजेड जिथून आला तिकडे परत फेकतात. म्हणजे ज्याचा दिवा चालू, त्यालाच खांब चमकताना दिसणार. आमच्याकडे निम्म्या फटफट्यांचे दिवे खरेदीच्या पावतीबरोबरच संपतात, त्यांच्या लेखी खांब नाहीच. आणि ज्यांचे दिवे चालतात त्यांनाही तो फार दिवस दिसत नाही, कारण प्रत्येक टायर जाताना पट्ट्यावर काजळी पुसून जातो.

इथे मला त्या यॉर्कशायरच्या पर्सी शॉची आठवण येते. १९३४ मध्ये त्यानं रस्त्यातल्या चकाकत्या डोळ्यांचं, म्हणजे कॅट्स आयचं, पेटंट घेतलं. त्याचा काचेचा डोळा रबरात बसवलेला होता. चाक वरून गेलं की रबर दबायचं, डोळा खाली जायचा आणि जाता जाता रबराची कडा त्याला पुसून काढायची. खाली साठलेलं पावसाचं पाणीही त्याच कामाला. जितकं तुडवाल तितका तो स्वच्छ. आमच्या खांबाला ही विद्या कुणी दिली नाही. तो उभा राहतो, पण दर वेळी थोडा अधिक काळा होऊन. शेवटी त्याचा रंग आणि रात्रीचा रंग एकच झाला.

मग उन्हाळा आला. मे महिन्यात धुळ्याचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा डांबर मऊ पडतं आणि ऊन प्लास्टिकचा चिवटपणा शोषून घेतं. रांगेतले काही खांब अस्सल नसावेत. ते वाकायचे थांबले आणि तुटायला लागले. अस्सल होते ते शेवटपर्यंत उठत राहिले, पण त्यांच्या पायाखालची जमीन सुटली. बैठका हलल्या, उचकटल्या आणि एकेक खांब अंतर्धान पावला. एक मी नंतर भाजीबाजारात पाहिला, हातगाडीवर छत्रीचा दांडा म्हणून. चांगला दिसत होता.

खांब गेले. राहिले काय, तर बोल्ट. डांबरातून बोटभर वर आलेले, गंजलेले, धारदार. त्यांना रंग नाही, पट्टा नाही, कुठली संहिता नाही. पण पहिल्या दिवशी एका मोटारीचा टायर फाटला, मग एका बुलेटचा, आणि देवपुरात शिस्त अवतरली. कटाकडे कुणी फिरकेना. दूधवाला चौकापर्यंत जाऊन वळू लागला. ट्रॉल्या चौकातून वळू लागल्या. इतकी वर्षं मी एकटा ज्या वाटेनं जात होतो ती गाड्यांनी अशी तुंबली की कोथिंबीर घरी पोचेपर्यंत खरंच सुकायला लागली.

एका सकाळी रिक्षावाला दारात उभा. मागे आणखी चार-पाच जण.

"आप्पा, तुमनं लिखानं चांगलं शे. एक अर्ज लिखी द्या ना. त्या खांब परत लाई द्या म्हना."

"खांब? तुम्हाला हवेत खांब?"

"मंग! बोल्टमुळे टायर फाटी ऱ्हायनात."

मी कागद घेतला. 'सदर ठिकाणी वाहनचालकांच्या सोयीसाठी' असं लिहून थांबलो, कारण पुढचं शुद्ध मराठीत कसं बसवावं कळेना. त्यांनीच सांगितलं. रस्ता सुरक्षेसाठी कट बंद करणं अत्यंत निकडीचं आहे, असं लिहा. सह्या होत आल्या तेव्हा ट्रॉलीवाल्यानं कागद परत मागून घेतला, वरून खाली वाचला आणि एक वाक्य वाढवायला लावलं: खांब पूर्वीच्याच प्रकारचे, म्हणजे परत उठणारे, असावेत.