किनारा कसा सांभाळावा : नव्या साहेबांसाठी

सागरी सुरक्षा आणि किनारी समाजाचं सक्षमीकरण हे खातं तुमच्या गळ्यात पडलंय म्हणे. अभिनंदन. घाबरू नका, पोहता यायलाच हवं असं काही नाही.

आधी परिषद घ्या. हॉटेल कफ परेडच्या आसपासचं बघा, म्हणजे खिडकीतून मच्छीमार नगर दिसतं आणि क्षेत्रभेटही त्यातच उरकते. जेवणात बासा मासा ठेवा. तो व्हिएतनामहून गोठून येतो, मुंबईत वादळ झालं तरी त्याचं काही बिघडत नाही. कोळ्यांना उद्घाटनाला बोलवा, पारंपरिक वेशात, नाचायला. भाषणात ‘मच्छीमार हे किनाऱ्याचे डोळे आणि कान आहेत’ हे वाक्य हवंच. तोंडाचा उल्लेख टाळा.

कारण ते विचारतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री बधवार पार्कच्या किनाऱ्याला रबरी होडीतून दहा तरणे पोरगे आले, तेव्हा ‘कोण रे तुम्ही?’ हे तिथल्या कोळ्यांनीच विचारलं होतं. ते भर समुद्रातून ज्या ‘कुबेर’वरून आले, ती बोट आपल्याच पोरबंदरची; नाव-नंबर बघून कुणाला काय कळणार होतं? माणसं इथली नाहीत, हे मात्र कोळीवाड्याला बघताक्षणी कळलं. सरकारने यातून योग्य तो धडा घेतला आणि कोळ्यांना ओळखपत्रं दिली.

तीही बायोमेट्रिक. आता दोर ओढून ओढून खलाशाच्या अंगठ्यावरच्या रेघा झिजलेल्या, वर खाऱ्या पाण्याने कातडी सुरकुतलेली. यंत्र बिचारं गोंधळतं. तुम्ही गोंधळू नका. चार पिढ्या ज्याला अख्खा कोळीवाडा ओळखतो त्याला यंत्राने ओळखलं नाही, तर त्याला निःपक्षपाती तपासणी म्हणायचं.

लोकसहभागाचं उदाहरण लागलं तर वरळी घ्या. कोस्टल रोडच्या पुलाखालून होडी काढायला दोन खांबांत ६० मीटर पुरत नाहीत, उधाणात लाट होडीला खांबावर नेऊन आपटते, हे क्लीव्हलँड बंदरातल्या नाखव्यांनी सांगितलं. मग आंदोलन केलं, काम अडवलं, पुन्हा सांगितलं. मागितले १६०, मिळाले १२०. अहवालात याला ‘संवाद’ लिहा.

वादळाचं फार मनावर घेऊ नका. तौक्ते मे २०२१ मध्ये येऊन गेलं, नांगरलेल्या होड्या एकमेकींवर आदळून फुटल्या, पंचनामे झाले. भरपाई मागणाऱ्याकडे बुडालेल्या होडीचा फोटो मागा. बुडताना काढलेला असेल तर उत्तमच. तिवरांचं काय, असं कोणी विचारलंच तर ‘प्रत्येक तोडलेल्या झाडामागे रोपं लावणार’ म्हणा. कुठे, ते सांगायची पद्धत नाही. लाटा अडवायला काँक्रीटची भिंत आहेच, आणि तिच्यावर चित्रंही काढता येतात.

राहता राहिला फोन. तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही नंबर धक्क्यावर मोठ्या अक्षरांत लावा. रात्री एखाद्या तांडेलाने अनोळखी बोट दिसल्याचं कळवलं, तर आधी त्याचं नाव, कार्ड नंबर, लायसन्स विचारा. मग ती बोट नेमकी कुणाच्या हद्दीत आहे ते ठरवा : पोलिसांच्या, तटरक्षक दलाच्या, नौदलाच्या की बंदर खात्याच्या. घाई करू नका. थोडा वेळ दिलात तर ती आपोआप दुसऱ्याच्या हद्दीत जाते.