बाजारू झालंय म्हणे!

आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण चीनला जाऊन आली. जिंगदेझेनचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "पूर्वीचं काही राहिलं नाही गं, सगळं बाजारू झालंय." तिथेच कमेंट टाकणार होते, पण लांबण लागणार हे दिसलं, म्हणून इथे लिहितेय.

अगं बाई, ते गाव बाजारू नव्हतं कधी?

जिंगदेझेन म्हणजे जिआंगशी प्रांतातलं, छांग नदीकाठचं चिनी मातीच्या भांड्यांचं गाव. 'जिंगदे' हे सोंग घराण्यातल्या एका सम्राटाच्या कालखंडाचं नाव, गावाला १००४ साली मिळालेलं. आणि 'झेन' म्हणजे आपल्या भाषेत सरळ पेठ. पुढे इथला माल समुद्रापार जायला लागला, बादशाही भट्ट्या इथे आल्या, तरी सरकारदरबारी हे गाव फुलिआंग परगण्यातली एक पेठच राहिलं. ज्याच्या नावातच बाजार आहे त्याला बाजारू म्हणून नाकं काय मुरडायची!

आपल्या डोक्यात कारागीर म्हटलं की एक म्हातारा, एक चाक आणि तंद्री लागलेली, असं चित्र असतं. जिंगदेझेनमध्ये हे चित्र मुळात लागूच पडत नाही. १६३७ सालच्या एका चिनी ग्रंथात लिहिलंय, की एक भांडं पुरं व्हायला ते बहात्तर हातांतून जातं. दांत्रकोल नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १७१२ साली इथल्या कामाबद्दल लांबलचक पत्र धाडलं (धर्मप्रसार थोडा, भट्टीची हेरगिरी जास्त, असं माझं मत). त्यात तो सांगतो, की एक जण नुसती काठाखालची रेघ ओढतो, दुसरा फुलांची बाह्यरेषा काढतो, तिसरा रंग भरतो. पक्षीवाला वेगळा, डोंगरवाला वेगळा. म्हणजे हा चक्क कारखानाच होता, वाफेचं इंजिन यायच्या आधीचा.

आणि ज्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांना आपण 'अस्सल चिनी' म्हणतो, त्यांचा निळा रंग सुरुवातीला इराणकडून यायचा. चौदाव्या शतकातली ती परातीएवढी ताटं पश्चिम आशियातल्या गिऱ्हाइकांच्या पंगतीसाठी बनली. त्यातली कितीतरी आज इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहेत. गिऱ्हाईक मागेल ते करून देणं हीच तिथली परंपरा.

बादशाही भट्टीची तऱ्हा मात्र निराळी. मिंग घराण्याच्या काळात राजाकडे जाणाऱ्या भांड्यात जरा खोट निघाली की ते फोडून तिथेच पुरायचे. बाजारात जाऊ द्यायचं नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत उत्खननात ती खापरं ढिगाने निघाली, तुकडा तुकडा जुळवून भांडी परत उभी केली, आणि आता तीच तिथल्या संग्रहालयात काचेमागे मानाने ठेवली आहेत. राजाने नाकारलेली! मी गेले होते तेव्हा त्या दालनात उगाच बराच वेळ रेंगाळले.

मला तिथे सगळ्यात आवडल्या त्या गल्ल्या. भट्टीच्या आतल्या विटा ठरावीक काळाने बदलाव्या लागत. काढलेल्या विटा टाकतो कोण? लोकांनी घरं बांधली त्यांची. जाळाने काही विटांवर काचेसारखी चकाकी चढलेली असते, संध्याकाळच्या उन्हात अख्खी भिंत ओली वाटते.

एका गल्लीत एक काका वाळलेल्या वाडग्यांची जाडी तासत बसले होते. वाडगा चाकावर उपडा, हातात लोखंडी पातं, पांढरा भुसा सगळा भुवयांवर. मधेच थांबायचे, बोटाने टिचकी मारायचे, कान द्यायचे, पुन्हा तासायचे. जाडी आवाजावरून कळते! बाजूने एक माणूस खांद्यावर लांब फळी घेऊन गेला, फळीवर कच्च्या वाडग्यांची रांग. मी भिंतीला चिकटून श्वास रोखला. तो मोबाइलवर बोलत होता.

माझी तक्रार आहे, पण ती वेगळी. जुनं म्हणून नवीन खापर विकणारे आहेत, आणि पहाटेच्या अंधारात बॅटरीच्या उजेडात भरणाऱ्या बाजारात कोण कोणाला फसवतंय काही कळत नाही. खरी पडझड झाली नव्वदच्या दशकात, सरकारी कारखाने बंद पडले आणि हजारो हात रिकामे झाले तेव्हा. त्यातल्याच एका कारखान्याच्या शेड आज ताओशीछुआन नावाने चकाचक झाल्यात. कॉफी महाग आहे, मान्य. पण देशभरातून येऊन इथे राहिलेली, 'जिंगप्याओ' म्हणवणारी पोरं तिथे पथारी मांडून स्वतः केलेला माल विकतात. पथारी नसती तर भट्टी कशावर पेटली असती?

अशाच एका पोरीकडून मी जरा वाकडा कप घेतला. मोबाइलच्या अनुवादावरून तिला सांगितलं, की आमच्या भाषेत या मातीला चिनी मातीच म्हणतात. ती खूश झाली. मग मी शहाणपणा केला, केओलिन हा चिनी मातीचा इंग्रजी शब्द तुमच्या शेजारच्या गाओलिंग गावावरून आलाय ना, ही माती तिथलीच का? ती हसत सुटली. गाओलिंगची माती केव्हाच संपली, ही बाहेरून येते, गोणीत. आणि सुटे नाहीत, क्यूआर स्कॅन करा.