कृत्तिका जुळणारच, स्वातीचं काय?

न्यूझीलंडमध्ये २०२२ पासून ‘मातारिकी’ची सरकारी सुट्टी असते. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. जून-जुलैत त्या पहाटे ईशान्येला पुन्हा दिसू लागल्या की माओरींचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं, नवं वर्ष सुरू होतं. त्या सुमारास इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेली दोन चित्रं येतात. एकात म्हणे नक्षत्रं जगाला आपणच दिली, दुसऱ्यात सिंधू लिपी आणि ईस्टर बेटावरची रोंगोरोंगो चिन्हं शेजारी शेजारी. वाद भारतातला, फिरतो इथे.

चंद्र ताऱ्यांमधून २७.३ दिवसांत फेरी पूर्ण करतो, तेव्हा वाटेवर २७ किंवा २८ मुक्काम मोजणं कुणालाही सुचेल. चीनमध्ये इ.स.पू. ४३३ च्या थडग्यातल्या पेटीवर २८ मुक्कामांची यादी आहे, अरबांचेही मुक्काम २८. कृत्तिका आणि चित्रा तिन्ही याद्यांत आहेत, आणि त्यात नवल काहीच नाही. चंद्राच्या वाटेवर इतकं ठळक दुसरं आहेच किती?

पारख करायची तर ती विचित्र निवडींची. चंद्र क्रांतिवृत्तापासून, म्हणजे ताऱ्यांमधल्या सूर्याच्या वाटेपासून, साधारण ५ अंशांपलीकडे जात नाही. तरी आपली स्वाती ३१ अंश उत्तरेला, श्रवण २९ आणि अभिजित तर ६२! त्या जागी चीनने कन्या, मकर, कुंभेतले मंद तारे घेतले. शिवाय आपली नक्षत्रं पुढे १३ अंश २० कलांची, सारख्या मापाची झाली. चिनी मुक्काम मात्र एक ३३ अंशांचा, तर मृगशीर्षाच्या जागचा जेमतेम २ अंशांचा. दोन याद्या ताडून बघायच्या तर मुख्य तारा, क्रम, रुंदी आणि आरंभ हे चार रकाने आखावेत. नुसती नावं जुळवली की हवं ते सिद्ध होतं.

जुन्या ग्रंथांचा काळ ठरवण्याचंही तसंच. ‘कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत’ या शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातल्या वाक्यावरून ज्योतिषाचे इतिहासकार शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी इ.स.पू. ३००० च्या आसपासचा काळ काढला. ताऱ्यांची उगवायची जागा शतकांगणिक हळूहळू सरकते, त्यावरचं हे गणित चोख आहे. प्रश्न आहे तो ‘पूर्व’ किती काटेकोर धरायची, याचा. मंद तारे क्षितिजाला टेकलेले असताना दिसतच नाहीत. दोन-चार अंश वर येईपर्यंत उत्तर भारतातून ते दक्षिणेकडे सरकलेले असतात. दिशेत ३ अंशांची चूक धरली तर काळात साडेचारशे वर्षांचा फरक पडतो. फॉरवर्डमध्ये मात्र नेमकं साल असतं.

लिप्यांची तुलना याहून ढिसाळ. हेवेशी या अभ्यासकाने १९३२ मध्ये सिंधू आणि रोंगोरोंगो चिन्हांच्या जोड्या लावल्या. सिंधू लिपी इ.स.पू. १९०० च्या सुमारास संपली, तर ईस्टर बेटावर वस्तीच इ.स. १२०० च्या आसपासची. मधली तीन हजार वर्षं रिकामी. सिंधूची चिन्हं लिपीचे अभ्यासक महादेवन यांच्या सूचीत ४१७, पलीकडेही शेकडो. एवढ्या ढिगांतून माणूस, मासा, काठी यांच्या जोड्या निघणारच. रोंगोरोंगोत एक ओळ संपली की कोरलेली लाकडी फळी उलटी फिरवून पुढची वाचायची असते, म्हणून एकाआड एक ओळी उलट्या दिसतात. एखादं सुटं चिन्ह उचलून दाखवणाऱ्याला हे ठाऊक तरी असतं का?

त्यापेक्षा सिंधू लिपीचे अभ्यासक पार्पोला यांचा अंदाज तपासता येतो. सहा रेघा आणि मासा म्हणजे जुन्या तमिळमधलं ‘अरुमीन’, अर्थात कृत्तिका. मीन म्हणजे मासा आणि ताराही. मात्र सरासरी पाच चिन्हांच्या मजकुरावर कुठलंच वाचन पक्कं ठरत नाही. तमिळनाडूने जानेवारी २०२५ मध्ये उलगड्यासाठी दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. आता दावेदार वाढतील, मजकुराची लांबी तेवढीच राहील.

इथे न्यूझीलंडमध्ये ‘आधी कोण’ याऐवजी ‘कुठून काय दिसतं’ हे विचारतात, ते मला पटतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या काही जमाती मातारिकीऐवजी पुआंगा, म्हणजे मृगातला राजन्य तारा, पाहून वर्ष धरतात. तेही मान्य आहे. आपल्याकडे अमान्त-पूर्णिमान्ताचा, म्हणजे महिना अमावास्येला संपवायचा की पौर्णिमेला, हा भेद इतक्या सहज चालतो, मग नक्षत्रांवरच एवढी अस्मिता का?

तुलनाच हवी असेल तर मातारिकीच्या सुट्टीच्या तारखा घ्या, त्याही चंद्रावरूनच ठरतात: २०२२ मध्ये २४ जून, २०२३ मध्ये १४ जुलै, मग २८ जून, २० जून आणि २०२६ मध्ये १० जुलै. २०२३ आणि २०२६ मध्ये सुट्टी पुढे गेली. आपल्या पंचांगात त्याच दोन वर्षी अधिक मास आहे, आधी श्रावण आणि मग ज्येष्ठ. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस, वर्षाचे ३६५. अकरा दिवसांची ही तूट दोघांनाही भरून काढावी लागते, कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नसलं तरी.